तम्र हिंदी

शारजात भावाकडे गेले होते. वहिनीनं आमटीसाठी चिंचेचं पाकीट काढलं. त्यावरचे अरबी शब्द भाचीनं शाळेतल्या अरबीच्या जोरावर मोठ्यांदा वाचले, "तम्र हिंदी." म्हणजे हिंदुस्थानी खजूर! मला हसू आलं. पण आतला गोळा पाहिला आणि गप्प बसले. काळपट, चिकट, दाबून बसवलेला. शेजारी खजुराचं पाकीट असतं तर चष्म्याशिवाय मला फरक कळला नसता.

अरबीत खजुराला वयाप्रमाणे नावं आहेत. कच्चा तो बुस्र, रसरशीत मऊ झाला की रुतब, वाळला की तम्र. चिंचेला त्यातलं नेमकं वाळलेलं नाव मिळालं. विशेषण नामाच्या मागून येतं, म्हणून 'हिंदी' नंतर. शिवाय तम्र हा साऱ्या जातीचा शब्द. पोतंभर असो की वाटीभर, तम्रच. त्यातला एकच उचलायचा तर शेपटाला 'आ' लावून 'तम्रा' म्हणायचं, आणि एकटा पडल्याबरोबर तो पुल्लिंगाचा स्त्रीलिंगी होतो. आपल्याला एवढ्यासाठी वेगळा शब्द लागतो: चिंचेचं बुटूक. तेही नपुंसकलिंगी!

गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं या नावाचा विचार केला आहे. झाडात साम्य नाही, फळातही नाही. आत बी असते एवढ्यावरून अरबांनी हे नाव दिलं, असं त्याचं म्हणणं. मला काही ते पटत नाही. बी तर आंब्यातही असते की.

पुढे झाडांना लॅटिन शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये 'टॅमरिंडस इंडिका' करून पिवळं पितांबर नेसवलं. 'हिंद' नावातच होतं, वर पुन्हा 'इंडिका'. तेही 'इंडिकस' नाही, कारण लॅटिनमध्ये झाडं स्त्रीलिंगी. आणि गंमत म्हणजे हे झाड मूळचं आफ्रिकेचं! सुदानी माणूस अरबीच बोलतो, पण चिंचेला 'अरदेब' म्हणतो. दारातल्या झाडाला हिंदी कोण म्हणेल? कैरोत मात्र रमजानात रोजा सोडताना तम्र हिंदीचं गार सरबत पितात.

आपल्याकडे खजूर आणि खारीक, दोन शब्दांत खजुराचं काम संपलं. चिंचेचं मात्र तसं नाही. आकडे, बुटूक, चिंचोके, आणि सगळ्यांत लाडकी ती गाभुळलेली. टरफल सुटून खुळखुळणारी, आतून हिरवट-तपकिरी, धड कच्ची नाही, धड पिकली नाही. भाचीला म्हटलं, "ही म्हणजे चिंचेतली रुतब बघ."

"कुठे मिळते, आत्या?"

वहिनीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि गोळा कोमट पाण्यात टाकला.