प्राइम नाही हे पक्कं, पण फॅक्टर कुणालाच माहीत नाही

सांगलीत एका कॉलेजात गणित शिकवतो. बीएस्सीच्या पोरांचं पायथन प्रोग्रामिंगचं प्रॅक्टिकल म्हणजे निम्मी पोरं मोबाइलवर आणि निम्मी कुणाची तरी फाइल कॉपी करण्यात, त्यामुळं त्या दिवशी म्हणलं जर्नल राहू दे, एक नंबर फोडा बघू, म्हणजे त्याचे फॅक्टर, अवयव काढा. फळ्यावर लिहिलं, २ चा ६७ वा घात वजा १. म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७.

मर्सेन नावाच्या गणितज्ञानं १६४४ मध्ये हा प्राइम, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारा, म्हणून यादीत टाकलेला. १८७६ मध्ये ल्युका या गणितज्ञानं दाखवलं की नाही, हा संयुक्त आहे, पण अवयव काय ते त्यालाही माहीत नव्हतं. ते काढले कोल नावाच्या गणितज्ञानं, १९०३ मध्ये, आणि म्हणे अमेरिकेतल्या गणितवाल्यांच्या सभेत जाऊन एक शब्द न बोलता फळ्यावर नुसता गुणाकार करून दाखवला.

पोरांनी लूप लावला, ३ पासून एकेक विषम संख्या घेऊन भाग जातो का बघायचं. लॅबमधले पीसी कसले असतात तुम्हाला माहितीच आहे, कर्सर आपला लुकलुकतोय आणि पंख्याचा आवाज वाढतोय. तेवढ्यात मी सांगितलं, घातांक ६७ हा प्राइम आहे ना, मग फॅक्टरला ६७ च्या दुपटीनं, म्हणजे १३४ नं भागलं की बाकी १ च यायला पाहिजे, बाकीचे तपासायचेच कशाला? १३५ पासून १३४-१३४ च्या उड्या मारायला लावल्या आणि एंटर दाबतोय तोवर १९३७०७७२१ स्क्रीनवर हजर! दुसरा ७६१८३८२५७२८७. मोबाइलवाली पोरंपण उठून बघायला आली हो, हे आमच्याकडं क्वचितच घडतं.

मग तासगावकडचं एक पोरगं, एरवी मागच्या बाकावर गप्प असतंय, म्हणालं सर मोठा द्या. दिला, २ चा १२७७ वा घात वजा १. ३८५ अंकी. हा प्राइम आहे का एवढंच सांग म्हणलं. फर्माचा नियम वर्गात झालेला, की नंबर प्राइम असेल तर त्यानं भाग न जाणारी कुठलीही संख्या, नंबर वजा १ एवढ्या घातावर चढवून नंबरानं भागली की बाकी १ च येते. त्या पोरानं २ ला त्या नंबरातून १ वजा करून आलेल्या घातावर चढवलं, नंबरानं भागून बाकी काढली, आली १. सर, प्राइम निघाला!

मला हेच पाहिजे होतं. म्हणलं, या जातीच्या नंबरांत घातांक प्राइम असला की २ घेतल्यावर बाकी १ येणारच, नंबर प्राइम असो नसो, २ इथं फितूर आहे. ३ घेऊन बघ. घेतलं तर १ च्या जागी चार-पाच ओळी भरतील एवढी बाकी स्क्रीनवर सांडली. प्राइम असता तर १ शिवाय दुसरं काही येऊच शकत नव्हतं, म्हणजे संयुक्त. विषय संपला.

"मग फॅक्टर?"

"आजपर्यंत कुणाला सापडला नाही."

पोरं हसायलाच लागली. फुटत नाही तर फुटतो म्हणायचं कसं? मग फळ्यावर ९१ घेतला. २ चा १२ वा घात ४०९६, ९१ पंचेचाळीस ४०९५, बाकी १. मग ९० व्या घातात ८४ चा, म्हणजे सात वेळा १२ चा, हिशोब संपला, उरला ६ वा घात, बाकी ६४. १ नाही आली ना? झालं, ७ आणि १३ चं नाव पण न घेता ९१ प्राइम नाही हे कळलं. एकजण म्हणाला, म्हणजे आजी नारळ हलवून सांगते तसं, न फोडता. हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

सगळी यावर आपापसात भांडत बसली आणि तासगावच्या गड्यानं तोवर गुपचूप २५५४ च्या उड्यांचा लूप लावून टाकलेला. पाच वाजले, लॅबवाले मामा मेन स्विच बंद करायला आले. मी त्या गड्याला म्हणलं बंद कर रे, जगभरातले लोक वर्षानुवर्षं मोठमोठे कॉम्प्युटर लावून बसलेत त्याच्यामागं, याच्यापेक्षा कितीतरी हुशार पद्धती वापरून.

तर म्हणतो कसा, "सर, पण त्यांच्याकडनं एखादा चुकून राहिला असंल तर?"

मामांना म्हणलं, अजून दहा मिनिटं थांबा.