राजमाचीवरून भोर घाटातली रात्रीची गाडी: १४ मिमी लेन्स घरी ठेवा, परतीच्या जीपवर विसंबू नका

आधी निकाल सांगतो. राजमाची किल्ल्यावरून, दरीपलीकडच्या घाटातून जाणाऱ्या रेल्वेगाडीच्या उजेडाचा आणि ताऱ्यांचा फोटो मिळाला, आणि तो मला फार प्रिय आहे. पण तो मिळेपर्यंत मिळालेले दोन सल्ले साफ चुकीचे निघाले. एका सल्ल्यापायी पहिले दोन तास वाया गेले, दुसऱ्यापायी पाय मोडायची वेळ आली. तुम्ही निघण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितोय.

पहिला सल्ला वाइड लेन्सचा. ‘ताऱ्यांसाठी १४ मिमीच हवी’ असं ज्याला विचारावं तो सांगत होता. राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी श्रीवर्धनच्या माथ्यावर ट्रायपॉड लावला आणि पहिली गाडी आली तेव्हा स्क्रीनवर काय दिसलं? आभाळ भरपूर, आणि खाली नखाने ओढावा तसा एक ओरखडा. मध्ये उल्हास नदीची अख्खी दरी आहे, घाट तिच्या पलीकडे. इथे ५० किंवा ८५ मिमीची लेन्स लागते. ५० असेल तर दहा सेकंदांपलीकडे तारे लांबट होतात, ८५ ला सहा सेकंदांतच. म्हणून टिपक्यांसारखे तारे हवेत हा हट्ट सोडून द्या आणि ताऱ्यांच्या रेघाच घ्या. एफ २.८, आयएसओ ८०० ते १६००, तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम न थांबता घेत राहा आणि घरी एकावर एक चढवा.

असं का, तेही सांगतो. कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटर चढायला गाडीला पाऊण तासाच्या आसपास लागतो. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, आणि मागून बँकर, म्हणजे चढापुरती जोडलेली जादा इंजिनं, रेटत असतात. वाटेत बोगद्यामागून बोगदे. तीस सेकंदांच्या फ्रेम जोडत गेलात की उजेडाची रेघ डोंगराच्या अंगावर उमटते, बोगद्यात तुटते, पलीकडून पुन्हा सुरू होते. १८५६ ते १८६३ या सात वर्षांत पहारी आणि सुरुंग वापरून हजारो मजुरांनी ही वाट फोडली, त्यात किती जण गेले याची धड मोजदादही नाही. दिवसा झाडीत ती सलग कळत नाही. रात्री गाडी स्वतःच ती आखून दाखवते. पहिल्यांदा ती रेघ जोडलेली पाहिली तेव्हा मी मोठ्याने ओरडलो.

उतरणाऱ्या गाड्या वेगळ्या प्रकरणात मोडतात. (मुंबईकडे जाणारी ती ‘अप’, म्हणजे घाट उतरणारी गाडी अप आणि चढणारी डाउन. वेळापत्रक बघताना घोळ करू नका.) उतरताना ब्रेक तपासायला गाडीला मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबावंच लागतं. ती थांबली की खिडक्यांची रांग स्वच्छ येते, पण इंजिनाचा दिवा तुमच्याकडे रोखलेला असेल तर फ्रेम पांढरी पडते. तेवढ्यापुरता लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा आणि इंजिन वळणाआड गेलं की काढायचा.

रात्री अकरानंतरच्या गाड्यांसाठी जीव टाकू नका. लोक दिवे मालवून झोपलेले असतात, डबे काळेठिक्कर, नुसता पुढचा दिवा आणि शेपटीचा लाल ठिपका दिसतो. साडेसात ते साडेदहा हीच वेळ. फेब्रुवारीतल्या अमावस्येला त्याच वेळात अगस्त्य तारा दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर येतो, म्हणजे घाटाच्या थेट माथ्यावर. वर व्याध. खंडाळा आणि एक्सप्रेसवेचा पिवळट उजेड त्याच बाजूला आहे, त्यामुळे आकाशगंगेचं नाव काढू नका. राजमाचीवरून ‘गाडी आणि आकाशगंगा’ दाखवणारे फोटो मी पाहिले होते, त्यावर विश्वास ठेवूनच गेलो. तसं एका क्लिकमध्ये येत नाही.

आता जीप. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत, म्हणजे किल्ल्याखालच्या गावापर्यंत, जाऊन-येऊन २,८०० रुपये ठरले, २,००० आगाऊ घेतले. वाटेत फणसराईजवळच जीप थांबली. “दादा, हितनं पुढं गाडी जात नाय.” दीड तास पाठीवर चौदा किलो घेऊन चाललो. ते एक वेळ चाललं असतं. रात्री बाराला फोन केला तर सकाळी यायचे आणखी १,५०० मागितले. दुसऱ्या दिवशी मला ड्यूटी होती, म्हणून मित्राला म्हटलं, कर्जतकडच्या कोंदिवडे गावाच्या बाजूने उतरू, कर्जतहून लोकल पकडू. ‘दोन तासांची सोपी उतरण’, हा दुसरा सल्ला.

पावणेदोनला निघालो. त्या वाटेवर दिवसा काही वाटणार नाही. रात्री, फेब्रुवारीत, वाळलेल्या पानांखाली मुरूम लपलेला असतो आणि पाय ठेवला की पानांसकट सगळा घसारा खाली सरकतो. ताऱ्यांसाठी निवडलेली अमावस्या इथे अंगावर आली. हेडटॉर्चच्या उजेडात प्रत्येक मोकळी जागा वाटच वाटते. दोनदा ओढ्यात उतरून परत वर आलो. मित्र बसून घसरत होता, पँट फाटली. माझा ट्रायपॉड दगडावर आपटून त्याचं कॅमेरा बसवायचं डोकं तडकलं. कोंढाणे लेण्यांजवळ पोचायला पावणेचार तास लागले, गुडघे आठवडाभर बोलत होते. अंधारात ही वाट उतरू नका. कितीही अनुभव असला तरी नाही.

उधेवाडीत घरोघरी जेवण-मुक्कामाची सोय होते, ती घ्या. काकूंनी दिलेलं पिठलं-भाकरी उत्तम होतं. जीप केलीत तर एका वाटेचेच पैसे द्या, तेही गाव आल्यावर.

रुळांजवळ जाऊन फोटो काढायचा विचारही नको. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरण्याबद्दल रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि घाटात बाजूला सरायला जागाच नसते.

बारानंतर लेन्सवर दव बसतं. कोरडा सुती रुमाल, दोन जादा बॅटऱ्या आणि माथ्यावरच्या वाऱ्यासाठी ट्रायपॉडला लटकवायला पाण्याची भरलेली पिशवी ठेवा. होळीनंतर जाऊ नका, डोंगरात वणवे लागतात आणि दरी धुराने भरून जाते, पलीकडचा घाट दिसतच नाही.