नोंदवहीतला जांभा

मी रत्नागिरीचा. तांबड्या मातीत टणक लागलं की जांभा, हे डोक्यात लहानपणापासून पक्कं. त्यामुळे बंगालच्या बांकुडा जिल्ह्यात विजेच्या टॉवरलाइनसाठी सर्वेक्षण करताना, विष्णुपूरजवळ पियारडोबाच्या सालवनात दोन खड्डे वीतभर खणून अडले, तेव्हा नोंदवहीत बिनदिक्कत लिहिलं: 'जांभा.'

तिसऱ्या खड्ड्यात मीच पहार घेतली. जांभ्यात पहार निदान रुतते, आवाजही भद्द येतो. इथे ठण्ण वाजलं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. हाताने माती सारली तर दोरी धरल्यासारखी सरळ फट, बोटभर रुंद, आत वाळून तडकलेलं डांबर. जांभ्याचे सांधे डांबराने कोण भरतं?

खड्डे खणणारा गावातला पोरगा हसला. "दादा, एटा तो प्लेनेर माठ." म्हणजे विमानांचं मैदान. आधी का नाही बोललास? तर म्हणे, तुम्ही विचारलंच नाही.

रात्री लॉजवर शोधत बसलो. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल 1944 मध्ये, अमेरिकेच्या 462व्या बॉम्बर ग्रुपची बी-29 ही अवजड बॉम्बफेकी विमानं इथे उतरली होती. पंखांचा विस्तार 43 मीटर, भरलेलं वजन साठ टनांच्या घरात. काँक्रीट उगाच ओतलं नव्हतं. चाकुलिया, दुधकुंडी, खरगपूर हे शेजारचे तळ. 5 जूनला या तळांवरून 98 विमानं बँकॉकवर निघाली, बी-29ची ती पहिली लढाई. जपान गाठायला मात्र हिमालय ओलांडून चीनमधल्या चेंगडूला थांबावं लागे, आणि तिथे लागणारं पेट्रोलही विमानांनीच इथून वाहायचं. शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार! पॅसिफिकमधली मारियाना बेटं हाती आली आणि 1945च्या सुरुवातीला सगळा बाडबिस्तरा तिकडे तिनियनला हलला. पियारडोबाच्या वाट्याला धड वर्षही आलं नाही.

सकाळी नोंदवहीतला 'जांभा' खोडून 'जुनं काँक्रीट, धावपट्टी' लिहिलं. ऑफिसातून लगेच फोन: नकाशात धावपट्टी नाही, तुला कुठून सापडली? फोटो पाठवले, टॉवरची जागा सरकवायला सांगितली आणि उघड्या पट्टीवर मोजणीच्या यंत्राची तिपाई मांडली. तेवढ्यात डोक्यावर भाताची पाटी घेतलेली एक मावशी आली. तिपाई तिच्या नेहमीच्या वाळवणाच्या जागेत होती. आधी ती हलवली.