पेंद्या आणि पेंग्विन

दूरचित्रवाणीवरील एखादी विज्ञानकथा-मालिका गाजली की तिच्या पाठोपाठ तिची चित्रकथा निघते, आणि मालिकेचे निष्ठावंत प्रेक्षक तिच्याकडे बहुधा नाक मुरडूनच पाहतात. मूळ वस्तू पडद्यावरची आणि कागदावरचे ते तिचे उष्टे, चार पैसे आणखी कमावण्यासाठी काढलेले, अशी ही समजूत आहे. पैशाचा भाग खरा असला तरी उष्टेपणाचा मला मुळीच मान्य नाही. ज्या चित्रकथा मालिकेशी इमान राखून काढलेल्या असतात त्या वाचताना मला हमखास जांभया येतात, आणि ज्या सरळसरळ वाट सोडून जातात त्यांच्यासाठी मी जळगावच्या मे महिन्यातील दुपारही पंख्याखाली आनंदाने घालवू शकतो.

याला माझ्या वाचनाचा उलटा क्रमही कारणीभूत असावा. भुसावळ स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर आम्हांला मराठीतून वेताळ आणि मँड्रेक मिळत, ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ही दिसे, पण त्या मालिकेच्या चित्रकथा काही आमच्यापर्यंत पोहोचल्या नाहीत. इंग्लंडमधील ‘डॉक्टर हू’ तर (काळात आणि अवकाशात सोबत्यांसह भटकणाऱ्या एका परग्रहवासी डॉक्टरची ही मालिका) मला आधी भेटला तो एकत्रित छापलेल्या जाडजूड खंडांतून, आणि पडद्यावर पाहिला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्यामुळे कोणती प्रत मूळ आणि कोणती नक्कल, हा प्रश्न मला कधी फारसा छळत नाही.

अमेरिकेतील ‘गोल्ड की’ या प्रकाशनाने 1967 ते 1979 या काळात ‘स्टार ट्रेक’च्या चित्रकथांचे 61 अंक काढले. त्यांतील बरेचसे अंक ज्यांनी रेखाटले ते आल्बेर्तो जोलित्ती इटलीत राहून काम करत आणि सुरुवातीला त्यांनी ती मालिका पाहिलेलीच नव्हती. हाती आलेल्या छायाचित्रांवरून ते यान आणि माणसे उभी करत. परिणामी त्या अंकांतील एंटरप्राइज या मालिकेतल्या यानाच्या मागच्या दोन्ही लांब नळकांड्यांतून, पडद्यावर कधी निघत नाही असा, चक्क जाळ निघताना दिसतो. एका खंडाची पाने उलटता उलटता माझ्या भाच्यानेही तेच पकडले. “मामा, याच्या मागून जाळ काबरं निघून राह्यला?” असे त्याने विचारले, आणि मालिका कोळून प्यालेले अमेरिकन वाचकही आजवर हेच विचारून हसत आले आहेत. मला मात्र तो जाळ आवडतो. पडद्यावरचे यान हलते, त्यामुळे ते वेगात आहे हे निराळे सांगावे लागत नाही. कागदावरचे यान चौकटीत जागच्या जागी खिळलेले असते, आणि ते धावत आहे हे दाखवायला चित्रकाराजवळ काहीतरी लागतेच. जोलित्तींनी अज्ञानातून काढलेला तो जाळ चित्राच्या दृष्टीने अगदी योग्य ठिकाणी पडलेला आहे.

परवानगीच्या भांडणांनीही अशीच नकळत मदत केलेली दिसते. ‘टीव्ही कॉमिक’ या ब्रिटिश साप्ताहिकात 1964 च्या नोव्हेंबरात ‘डॉक्टर हू’ची चित्रमालिका सुरू झाली, तेव्हा डॉक्टरबरोबर मालिकेतील सोबती नव्हते, तर जॉन आणि गिलियन नावाची दोन नातवंडे होती, ज्यांचे नावही पडद्यावर कोणी कधी घेतले नाही. डालेक या गाजलेल्या यंत्रशत्रूंचेही हक्क सुरुवातीला हाती नसल्यामुळे तेथे ‘ट्रॉड’ नावाचे दुसरेच यंत्रप्राणी उभे करण्यात आले. ट्रॉड फारच सुमार होते, त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

खरे डालेक गेले ते ‘टीव्ही सेंच्युरी 21’ या साप्ताहिकात. 1965 च्या जानेवारीपासून सुमारे दोन वर्षे, दर आठवड्याला एक पान याप्रमाणे 104 भागांची ती कथा मागच्या मुखपृष्ठावर रंगीत छापली जात होती. घरातल्या पडद्यावर डालेक तेव्हा काळेपांढरेच होते. शिवाय चित्रीकरणगृहात डालेकांचे सांगाडे मोजकेच असल्यामुळे मोठी फौज दाखवायची झाली की मागे त्यांची छायाचित्रे मोठी करून उभी करावी लागत. कागदावर तसली अडचण नव्हती. तेथे एक डालेक काढायला जेवढी शाई लागते, तिच्यापेक्षा थोडी अधिक शाई खर्चून अख्खे आरमार आकाशात सोडता येत असे. या संपूर्ण कथेत डॉक्टर एकदाही येत नाही, नायक म्हणावे ते डालेकच, आणि त्यांचा सोनेरी, अवाढव्य डोक्याचा सम्राट या पानावर सिंहासनारूढ झाला तो 1965 मध्ये, म्हणजे मालिकेत डालेकांचा सम्राट प्रथम अवतरण्याच्या दोन वर्षे आधी.

पुढे 1984 मध्ये याच डॉक्टरच्या चित्रकथेत फ्रोबिशर नावाचा सोबती आला. तो मुळात हवे ते रूप घेणारा परग्रहावरचा गुप्तहेर, पण त्याला पेंग्विनच्या रूपातच राहणे पसंत असते. जॉन रिजवे यांनी तो इतक्या बारीक, गंभीर रेघांनी काढला आहे की गर्द छायेतील एखाद्या कक्षात डॉक्टरच्या गुडघ्याएवढा हा पक्षी शांतपणे उभा राहून बोलतो आणि वाचकाला त्यात काही वावगे वाटत नाही. खानदेशात यात्रेच्या दिवसांत ज्याने तमाशाच्या कनातीत बसून गवळण ऐकली असेल, त्याला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही: भागवतात पेंद्या आणि मावशी कोठे आहेत असे तेथे कोणी विचारत नाही, उलट मावशी रंगमंचावर येईपर्यंत प्रेक्षक चुळबुळत असतो. फ्रोबिशर हा डॉक्टरचा पेंद्या आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय असलेली कथा मात्र 1980 मधील ‘द स्टार बीस्ट’ ही होय. पॅट मिल्स आणि जॉन वॅग्नर यांनी लिहिलेली व डेव्ह गिबन्स यांनी रेखाटलेली ही कथा ‘डॉक्टर हू वीकली’मध्ये क्रमशः आली. ब्लॅककॅसल नावाच्या कल्पित पोलादनगरीत एक अंतराळयान कोसळते, आणि शाळेत जाणाऱ्या शेरन व फज या दोन मुलांना मोठ्या डोळ्यांचा, लवदार, दीनवाणा जीव सापडतो. त्याचे नाव बीप. त्याच्या मागावर असलेले योद्धे किड्यांसारखे भयानक दिसतात. खरा क्रूरकर्मा बीपच आहे आणि ते योद्धे कायद्याचे रक्षक आहेत, ही कलाटणी मुलांना उशिरा कळते. वाचकाला ती आधीच ठाऊक असते, कारण बाहेर बिचाऱ्यासारखा पाहणाऱ्या बीपच्या मनातले रक्तपिपासू विचार आपल्याला छापील वाचायला मिळतात. एकाच चौकटीत गोजिरा चेहरा आणि त्याच्या मनातली कत्तल, ही सोय चित्रकथेइतकी सहज अन्य कोणत्या माध्यमाला लाभलेली नाही. शेरन पुढे डॉक्टरबरोबर प्रवासालाही निघते. ‘डॉक्टर हू’च्या कथाविश्वातील ती पहिली कृष्णवर्णीय सोबतीण, आणि पडद्याला तशी सोबतीण मिळायला त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली.

2023 च्या नोव्हेंबरात, मालिकेच्या साठाव्या वर्षानिमित्त, हीच कथा पडद्यावर आली आणि श्रेयनामावलीत मिल्स व गिबन्स यांची नावे रीतसर झळकली. बीप उत्तम जमला होता, योद्धेही. परंतु ब्लॅककॅसल गेले, शेरन गेली, आणि सारा प्रसंग लंडनमध्ये घडला. रेल्वेचे यार्ड आणि आयुधनिर्माणी यांच्या आधाराने जगणारे भुसावळ जवळून पाहिलेल्या माणसाला हा बदल थोडा लागतो. परग्रहावरचे यान आजवर लंडनवर असंख्य वेळा उतरले आहे. कारखान्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या एखाद्या आडबाजूच्या गावी ते क्वचितच कोसळते, आणि चित्रकारांना ते गाव उभे करायला काही जादा खर्चही आला नव्हता.