ईव्ही परवडते का? उत्तर घरच्या मीटरमध्ये सापडलं

ईव्हीच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाडीच्या शोरूममधला पोरगा छातीठोकपणे सांगत होता, "एक रुपयात एक किलोमीटर, सर." माझं गाव दारव्हा तालुक्यात, नोकरी यवतमाळला. जाऊन-येऊन 80 किलोमीटर, महिन्याला 2,000 धरा. घरी येऊन मी आधी विजेचं बिल काढलं.

घराला 150 युनिट लागतात. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी चढत जातात. चार्जिंगमधली गळती धरली तर छोटी गाडी युनिटला सातेक किलोमीटर देते. म्हणजे महिन्याला आणखी 285 युनिट, तेही सगळे वरच्या टप्प्यांतले. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे), वीज शुल्क मिळवून सरासरी युनिट सोळाएक रुपयांना पडतं. एका किलोमीटरला सव्वादोन रुपये झाले की बाप्पा! तरी शंभरीपार गेलेल्या पेट्रोलवर तेच सहाच्या आसपास जातं. महिन्याला साडेसात हजार वाचणार. दोन गाड्यांच्या किमतीत 3 लाखांचा फरक होता, ईव्हीला मोटार वाहन कर माफ असूनही. तो भरून निघायला सव्वातीन-साडेतीन वर्षं. कर्जाचं व्याज धरलं की चारच्या वर. (22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. ईव्हीचा आधीपासून 5 आहे, तिथे कमी होण्यासारखं काही नव्हतं.)

गाडी घेतली. खरी कसोटी लागली ती अर्थिंगची, म्हणजे घराच्या वायरिंगच्या जमिनीशी असलेल्या जोडणीची. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल खोल जाते, आणि पावसाळ्यात चाललेलं अर्थिंग एप्रिलात दगा देतं. वायरमन म्हणाला, "भाऊ, फ्रिज-टीव्हीले हे चालते, गाडीले नाही चालत." नवा खड्डा, मीठ-कोळसा, मीटरपासून वेगळी जाड वायर, 16 अँपिअरचा सॉकेट, मंजूर भार वाढवायचा अर्ज. आता उन्हाळ्यात कुंड्यांसोबत त्या खड्ड्यालाही पाणी घालतो. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून चार्जिंग रात्री अकरानंतर. शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर लावायचा सल्ला पानठेल्यावर फुकट मिळतो. ती वीज शेतीसाठीच असते, त्या भानगडीत पडू नका.

मग छतावर 3 किलोवॉटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत त्याला 78,000 रुपये अनुदान आहे. महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट बनतात आणि महागडे टप्पे बिलातून जवळपास गायब होतात. पण सोलरला स्वतःचे पैसेही घालावे लागतात, ते गाडीच्या खर्चात धरायला लोक विसरतात.

बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. माझ्या धावेने किलोमीटर आधी संपतील, सातव्या वर्षातच. नागपूरला जाऊन येताना वाटेत फास्ट चार्जर लागतोच, आणि तिथला दर पाहता बचत बरीच आटते.

चुलतभाऊ विचारत होता. त्याची गाडी बाजार आणि लग्नकार्यापुरतीच निघते. त्याला म्हटलं, तू पेट्रोलचीच घे.