तंबोऱ्याच्या जागी बेस

शनिवार, रात्री उशिरा

अमोघने आज त्या फ्लॉप्या वाचल्या. अर्ध्याअधिक गेल्यातच जमा, चकतीवर बुरशीचे ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसत होते. ज्या वाचल्या गेल्या त्यांतल्या एकीवर ‘तंबोरा’ नावाची मिडी फाइल, म्हणजे वाद्याला द्यायच्या सूचनांची फाइल होती. त्याने ती लॅपटॉपवर लावली आणि तंबोऱ्याच्या जागी स्लॅप बेस, म्हणजे तारांवर थापा मारून वाजवलेली बेस गिटार, वाजायला लागला. तो हसला. “मामा, हे आईचं?” म्हणाला. मी हो म्हटलं आणि चहा टाकायच्या निमित्ताने आत गेलो.

तेव्हापासून मन जागेवर नाही. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

झालं काय ते मला नीट कळतं. मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही. कुठला सूर, किती जोराने दाबला, कधी सोडला, एवढंच जातं. सुराच्या एका सूचनेला तीन बाइट, सेकंदाला ३१,२५० बिटांचा वेग. अटारी कॉम्प्युटरने सांगायचं आणि कोर्गच्या एम-वन सिंथेसायझरने वाजवायचं, अशी ताईची आणि माझी विभागणी होती. आमचा तंबोरा एम-वनच्या आत, ३६ नंबरवर होता. फाइलमध्ये फक्त तो नंबर राहिला. १९९१ साली सगळ्या वाद्यांची एक समाईक यादी ठरली, तिच्यात शून्यापासून मोजलं तर ३६ वर स्लॅप बेस येतो. लॅपटॉपने यादी पाहिली आणि वाजवलं. त्याची काही चूक नाही.

पण तो आवाज आता कुठेच नाही, हे मात्र खरं. लेस्टरच्या घरातून इकडे येताना एम-वन विकला. जागा नव्हती, आणि तेव्हा वाजवणारंही कोणी उरलं नव्हतं. ज्याने घेतला त्याने त्यात स्वतःचे आवाज भरले असतील. किंवा आतला सेल संपला असेल. त्या सेलवरच तर आतली मेमरी जिवंत राहायची. सेल संपला की आपण केलेलं सगळं गेलं.

तो आवाज करायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला होता. एम-वनच्या फिल्टरला रेझोनन्स, म्हणजे ठरावीक सूर उठावदार करायची सोय नाही, आणि जवारीची, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा सरकवून मिळणाऱ्या झंकाराची, ती चमक आणायला नेमका तोच हवा होता. मग दोन ऑसिलेटर, म्हणजे मूळ आवाजाचे दोन स्रोत घेऊन एक किंचित उतरवायचा, वरच्या थरात काहीतरी धातूचं मिसळायचं, इफेक्टमधून थोडं फिरवायचं. ताई डोळे मिटून बसायची. “अजून घोटीव नको,” म्हणायची, “जरा खरखर राहू दे, दोरा सरकल्यासारखी.” मी आकडा एकाने वाढवायचा. “गेली,” ती म्हणायची. मी परत एकाने कमी करायचा. तिच्या कानाला कळायचं ते मला पडद्यावरच्या आकड्यात दिसायचं, एवढाच माझा वाटा. आणि आता तेच नेमकं नाही. सूर राहिले, नंबर राहिला, तारखासुद्धा राहिल्या. खरखर गेली.

कधी कधी वाटतं, माझ्या वाटेच्या सगळ्याच गोष्टींचं असं होतं. असो.

माळ्यावरची अटारी आज खाली काढली. १०४०, एक मेगाबाइटवाली. प्लास्टिक पार पिवळं पडलंय. लावली तर लागली! ऑपरेटिंग सिस्टीम रॉममध्ये, म्हणजे कायमच्या चिपमध्येच असल्याने बटण दाबल्यावर थांबायचं काही कारण नाही. आत पंखा नाही, त्यामुळे शेजारी गाणारा माणूस असला तरी चालायचं. छोटा काळा-पांढरा मॉनिटर अजून स्थिर आहे, ताज्या छापलेल्या कागदासारखा. काम चालू असताना बाण जाऊन त्याच्या जागी मधमाशी येते, ती पाहून अमोघ चकित झाला. त्याने कधी बॉम्बही पाहिले नव्हते. मशीन कोलमडलं की पडद्यावर ओळीने बॉम्ब यायचे, दोन की तीन यावरून काय बिघडलं ते कळायचं. ताई बॉम्ब दिसले की चहा ठेवायला जायची.

मग क्यूबेस हे सूर नोंदवायचं सॉफ्टवेअर लावलं. बाजूच्या खाचेत डोंगल, म्हणजे त्याची किल्ली, बसवल्याशिवाय ते चालत नाही, आणि डोंगल त्याच डब्यात निघालं. लिस्ट एडिट, म्हणजे सुरांची यादी उघडली. डी शार्प, जी शार्प, जी शार्प, खालचा जी शार्प. ताईची पट्टी काळी चार. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज, पानामागून पान.

आवाज काढायला आता काहीच जोडलेलं नव्हतं, म्हणून नुसते आकडे वाचत बसलो. सूर किती जोराने दाबला याचा आकडा एक ते १२७ मध्ये असतो. पंचम प्रत्येक वेळी हलका. खर्ज भारी. आणि दुसरा षड्ज दर आवर्तनात जागेपेक्षा मागे, कधी थोडा, कधी बराच, पण पुढे एकदाही नाही. हे सरळ करायला क्वांटाइझची, म्हणजे सूर मोजून ठरल्या जागी बसवायची, एक कळ पुरे होती. त्यावरून आमचं भांडण झालेलं मला लख्ख आठवतं. मी म्हणत होतो, यंत्रावर करतोय तर नीट तरी करू. ती म्हणाली, तंबोरा मोजून छेडतात का रे? तिचंच राहिलं. म्हणून आज हे दिसतंय. स्लॅप बेसवरही तो षड्ज मागेच आला असणार. मी ऐकला नाही, कारण माझे कान आवाज शोधत होते.

अमोघला हे दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. आकड्यांवर बोट ठेवून म्हणाला, “हा तिचा हात.” मी काही बोललो नाही.

एम-वनचं सॉफ्टवेअर कोर्गने काढलंय, मूळचे आवाज त्यात आहेत म्हणे. आमचा नसणार, पण ज्या थरांपासून सुरुवात केली ते असतील. अमोघ म्हणतो, करून बघू. रेझोनन्स आता कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळतो, तरी मी त्याला तो वापरू देणार नाही. जसा केला तसाच करायचा. पूर्वीचा येणार नाही, हे मला माहीत आहे, आणि संध्याकाळी जेवढं त्याचं वाईट वाटत होतं तेवढं आता वाटत नाही. सूर तिने वाजवलेत. अंगरखा आम्ही शिवू.

आकडे मात्र कोणी हलवायचे नाहीत, हे त्याला बजावलंय. उद्या सकाळी माईंना पुण्याला फोन लावतो. ताई पंचमाची जवारी उघडी ठेवायची की बंद, हे त्यांना नक्की आठवत असेल.