कोयता चालवण्याआधी पान बघा

वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या काठावर ‘गांडो बावळ काढायचा’ म्हणून लोक कोयते घेऊन उतरले की माझ्या पोटात गोळा येतो. गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ काढायलाच हवी, त्यात वाद नाही. पण काटा दिसला की तोड, या सपाट्यात आपली देशी बाभूळही आडवी होते, आणि तिच्यावर टांगलेली सुगरणींची घरटीही.

फुलं असतील तर ओळखणं सोपं. देशीला हळदीपिवळे, वासाचे गोल गोंडे. वेडीला बोटभर लांब, फिकट पिवळ्या मंजिऱ्या. देशीची शेंग करडी, दोन बियांच्या मध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. वेडीची सरळसोट, पिकली की पिवळी, आत गोड गर. गुरं ती आवडीने खातात, शेणातून बिया जातील तिथे रुजतात. मूळची मेक्सिको, मध्य अमेरिकेकडची ही बाभूळ कच्छात १९६० च्या दशकात रण पुढे सरकू नये म्हणून मुद्दाम लावली. तिने तिथल्या बन्नी या गवताळ प्रदेशाचं गवत गिळलं.

फुलं-शेंगा नसतील तर पान हातात घ्या, आणि सावकाश बघा. मधल्या देठावर जोडीजोडीने काड्या फुटतात आणि त्यांवर बारीक पर्णिका असतात. वेडीला काड्यांच्या एक-दोन जोड्या, क्वचित तीन. देशीला तीन ते सहा. तीनच निघाल्या तर पर्णिका बघा: वेडीची सेंटीमीटरभर लांब, देशीची जेमतेम त्याच्या निम्मी. काट्यांवर विसंबू नका, ते दोघींनाही जोडीने येऊ शकतात.

जुन्या देशी बाभळीची साल काळपट, उभ्या भेगा खोल, कुठे कुठे लालसर डिंक. वेडीची करडी-तपकिरी, भेगा उथळ, फांद्या नागमोडी, आणि बहुतेक वेळा जमिनीपासूनच चार-पाच खोडं. वडोदऱ्यात मांडवीकडे दातण विकणाऱ्या बेनना यातलं काही मोजावं लागत नाही. मी दोन्ही काड्या पुढे धरल्या, तर साल बघूनच त्यांनी एक बाजूला टाकली. “आ गांडो छे, बेन.”

वेडी जमिनीच्या वर छाटली तर दुप्पट जोमाने फुटते, कारण तिचे डोळे बुंध्याशी, मातीच्या आत असतात. वीतभर खणून मूळच तोडा. आणि काम सुरू करण्याआधी प्रत्येक देशी बाभळीला चुन्याचा ठळक पट्टा ओढून ठेवा.